नांदेडला जाताय? संध्याकाळ हुजूर साहिबसाठी राखून ठेवा

जानेवारीत आईला घेऊन दोन दिवस नांदेडला जाऊन आलो. शिखांच्या पाच तख्तांपैकी चार आपल्यापासून लांब: अमृतसर, आनंदपूर, तलवंडी साबो आणि पाटणा. पाचवं, सचखंड हुजूर साहिब, गोदावरीकाठी आपल्याच मराठवाड्यात आहे. तख्त म्हणजे धर्माचे निर्णय जिथून होतात ती गादी. 1708 साली शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी इथेच देह ठेवला, आणि त्याआधी गुरुगादी ग्रंथसाहिबांना, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथाला दिली. तेव्हापासून शिखांना देहधारी गुरू नाही. एवढी मोठी गोष्ट जिथे घडली, तिथे जाऊन तासाभरात परतू नये, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही आधी जेवायला गेलो आणि आरती चुकली. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेआधीच जाऊन बसलो. इथे दिवे ओवाळून आरती होते, पंजाबातल्या गुरुद्वारांत हे सहसा दिसत नाही. त्यानंतर गुरूंची शस्त्रं एकेक करून जमलेल्या भाविकांना दाखवतात. आईचे हात नकळत जोडलेले होते, ते शेवटपर्यंत सुटले नाहीत.

सकाळी लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या सामुदायिक स्वयंपाकघरात, आई पोळ्या लाटायला बसली. शेजारच्या सरदारणीने तिच्यापुढे पिठाची परात सरकवली आणि चक्क मराठीत म्हणाली, "मावशी, जरा जाड लाटा, तव्यावर पटापट उलटायच्या असतात." पिढ्यान् पिढ्या नांदेडात राहिलेली माणसं ती. दोघी तासभर बोलत होत्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं. तिकीट काढताना स्टेशनचं नाव 'हुजूर साहिब नांदेड' असं शोधा. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी घरूनच न्या. तंबाखू, सिगारेट खिशातसुद्धा नको. चपला जोडाघरात ठेवा, पाय धुऊन आत जा. कडाह प्रसाद, म्हणजे कणकेचा शिरा, ओंजळीत घ्यायचा, लंगरमध्ये रोटी दोन्ही हातांनी. पानात काही टाकू नका, लागेल तसं पुन्हा वाढतात. दसरा आणि होळीच्या सुमारास येणारा शिखांचा सण होला मोहल्ला, या वेळी प्रचंड गर्दी असते, खोली खूप आधी ठरवा. उन्हाळा टाळा. दुपारी संगमरवरावर अनवाणी चालताना वयस्कर माणसांचे हाल होतात.

गावातले बाकीचे गुरुद्वारे रिक्षाने एका दिवसात होतात. त्यात बंदा घाट चुकवू नका. माधोदास बैरागी गुरूंना नांदेडातच भेटला आणि पुढे शीख सेनानी बंदा सिंग बहादूर झाला.

हाताशी अजून एक दिवस असेल तर हिंगोलीकडचं नरसी नामदेव करा. नामदेवांची 61 पदं ग्रंथसाहिबांत आहेत, त्यामुळे तिथे वारकऱ्यांइतक्याच भक्तीने पंजाबी भाविकही येतात. आम्हाला वेळ कमी पडला. आईने पुढच्या खेपेचा पहिला दिवस नरसीसाठी आत्ताच ठरवून टाकलाय.