हॉस्पिटलमधल्या मुलांसाठी काही करायचंय? आधी ते टेडी परत ठेवा

बालदिन जवळ आला की सोसायटीतल्या आणि नात्यातल्या आठवी ते बारावीच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई आम्हाला मुंबईत परळच्या हॉस्पिटलांतल्या लहान मुलांसाठी काहीतरी करायचंय, वर्गात पैसे जमवलेत, टेडी घेऊ का चॉकलेटं? दरवर्षी तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून या वेळी सगळं एकदाच लिहून ठेवते.

तर टेडी नको. कॅन्सरच्या मुलांना केमो चालू असते तेव्हा त्यांचे काउंट पडतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि मग तुम्हाआम्हाला दोन दिवस शिंकायला लावणारं साधं इन्फेक्शन त्यांना थेट आयसीयूत नेऊ शकतं. केसाळ खेळण्यांत धूळ बसते, ती नीट धुता येत नाहीत, त्यामुळे वॉर्डात ती बहुतेक घेतच नाहीत. ताजी फुलं नको, कापलेली फळं नको, घरचा केक तर नकोच नको. प्लास्टिकची, पुसून घेता येतील अशी, नवी कोरी सीलबंद खेळणी चालतात. ब्लॉक्स, पझल, ल्युडो, उनो, रंगांच्या पेट्या. गोष्टींची पुस्तकं द्यायची तर हिंदी आणि बंगालीसुद्धा घ्या, कारण टाटा कॅन्सर हॉस्पिटलला येणारी पुष्कळ मुलं बिहार, यूपी, झारखंड, बंगालकडची असतात, आपण मारे मराठी बालसाहित्याचा गठ्ठा घेऊन जातो आणि ते पोरगं नुसती चित्रं बघत बसतं.

आणखी एक, जे मोठ्यांनाही माहीत नसतं. बाळांच्या दुधाच्या पावडरचे डबे आणि फीडिंग बॉटल दान करायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे, 1992 चा कायदा आहे, अनाथाश्रमांचा अपवाद सोडला तर नाही देता येत. त्यामुळे कुणी काकू म्हणाल्या की पावडरचे डबे देऊया तर त्यांना प्रेमाने डायपरकडे वळवा, डायपर कायम लागतात.

आता मुख्य दुखणं. अठराच्या आतल्यांना वॉर्डात सहसा सोडत नाहीत आणि यावर सगळे नाराज होतात. मला विचाराल तर बरोबरच करतात. शाळेतून सर्दी, कांजिण्या, डोळे येणं हे सगळं तुम्हीच तर घरी आणता ना! केमोवाल्या मुलाला कांजिण्या म्हणजे गंमत नाही. शिवाय सलाइन लावलेल्या मुलासोबत सेल्फी काढून स्टोरी टाकणारे महाभाग असतात, त्या मुलाने किंवा त्याच्या आईने परवानगी दिलेली नसते, तिच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच काही चालू असतं.

पण वॉर्डाच्या बाहेर इतकं काम पडलंय की विचारू नका. परळमध्ये टाटा, केईएम, मुलांचं वाडिया, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वाडिया 1929 चं, टाटा 1941 चं, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळापासून लोक गावाकडून इथे येतायत. उपचार एक वेळ मिळतो हो, राहायचं कुठे? केमो महिनोन्‌महिने चालते, मधले दिवस मूल ॲडमिट नसतं पण गावी जाऊन परत येणं शक्य नसतं, आणि मग टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर संसार मांडलेली कुटुंबं दिसतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन याच गरजेतून चालतात. खास कॅन्सरच्या मुलांसाठी सेंट ज्यूडची सेंटर्स 2006 पासून आहेत, तिथे मूल आणि आईवडील फुकट राहतात, रेशन मिळतं, स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. वॉर्डात शिरण्यापेक्षा अशा ठिकाणी फोन करून विचारा की आम्ही अमुक वयाचे आहोत, काय करू शकतो, शिकवायला येऊ का. प्रत्येकाचे नियम वेगळे असतात आणि सोबत मोठं माणूस लागतंच.

आमच्या विंगमधला दहावीचा एक मुलगा आईबरोबर अशाच एका ठिकाणी गणित शिकवायला गेला होता. समोर दहा-अकरा वर्षांचा बिहारचा मुलगा, मास्क, डोक्यावर केस नाहीत, गणितात शून्य इंटरेस्ट. मग वही उलटी करून नाव-गाव-फळ-फूल सुरू झालं, हिंदीतून. अक्षर आलं ल. त्याने गाव लखीसराय, फळ लीची, फूल लिली असं धडाधड लिहून पेन खाली ठेवला, आणि आमचा हुशार बाळ लातूर लिहून फळापाशी अडकला. लिंबू सुचलं तोवर वेळ संपलेली. दुसऱ्या आठवड्यात हा घरून तयारी करून गेला म्हणे! पण तेव्हा त्या मुलाचे काउंट कमी होते, तो खोलीतून बाहेरच आला नाही. असं होतं, जायचं आणि परत यायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. सर्टिफिकेटसाठी किंवा एनएसएसचे तास भरायला जात असाल तरी माझी काही तक्रार नाही, फक्त मुलाला शनिवारी येतो सांगितलंत तर शनिवारी जा.

विगसाठी केस द्यायचे असतील तर बऱ्याच संस्था साधारण 12 इंच तरी मागतात, रंगवलेले चालतात का ते आधी विचारा, धुऊन पूर्ण वाळवलेली वेणी दोन्ही टोकांना रबर लावून कापायची. पण लहान मुलांना मुंबईच्या उकाड्यात विग टोचतो, खूप जणांना साधी मऊ सुती टोपीच बरी वाटते. आजीकडून क्रोशा शिकून सुती दोऱ्याच्या टोप्या करा. लोकर कृपया नको!

पैसे जमवायला दिवाळीच्या साफसफाईतली रद्दी बेस्ट. घरोघरी सगळ्यांना ती टाकायचीच असते, रद्दीवाल्याशी भाव आधी ठरवा. पैसे हॉस्पिटलच्या किंवा ट्रस्टच्या अधिकृत खात्यावरच टाका आणि पावती घ्या, ग्रुपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर अजिबात नाही, मुलाचा फोटो कितीही रडवणारा असू दे. कुणी काका मोठी रक्कम देणार असतील तर 2000 रुपयांच्या वर रोख दिली की आयकरातली 80जी ची सूट मिळत नाही हे त्यांना सांगा, लगेच चेक काढतील.

आणि आता माझा लाडका विषय, रक्त. अठरा पूर्ण आणि वजन किमान 45 किलो असल्याशिवाय देता येत नाही, मग तुम्ही म्हणाल आमचा काय संबंध. संबंध हा की गावाहून आलेल्या माणसाला डोनर आणा सांगितलं तर त्याच्या ओळखीचं या शहरात कोणी नसतं, तुमच्या ओळखीचे मात्र शंभर असतात. केमोवाल्या मुलांना प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, लागतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणजे गणपतीत मंडळाने एका दिवसात दोनशे बाटल्या जमवून फोटो काढला तरी त्यातल्या प्लेटलेट्स विसर्जनानंतर कुणाच्या उपयोगाच्या नाहीत. थॅलेसेमिया मेजर या रक्ताच्या आजाराच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी, तेव्हा हमखास तुटवडा.

म्हणून एक शीट करा. दादा, ताई, काका, जिममधले, क्लासचे सर, जो अठराच्या वरचा असेल त्याचा ब्लड ग्रुप, मागच्या वेळी कधी दिलं (पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने थांबावं लागतं), आणि प्लेटलेट्स द्यायची तयारी आहे का हा वेगळा रकाना. त्यात मशीनवर तासभर किंवा जास्त बसावं लागतं, रक्त काढून प्लेटलेट्स वेगळ्या करतात आणि बाकीचं परत शरीरात सोडतात. त्याआधी तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही, हेही डोनरला आधीच विचारा, नाहीतर तो तिथवर जाऊन परत येतो आणि पुन्हा कधी तयार होत नाही. दादाबरोबर तुम्ही जा, त्याच्याशी गप्पा मारा, बाहेर आल्यावर फ्रूटी पाजा. शीटमधले नंबर मात्र मोठ्या ग्रुपवर टाकू नका, एका मोठ्या माणसाकडेच ठेवा.

हे सगळं करण्याआधी एकच फोन, हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करना. सकाळी ओपीडीच्या गर्दीत नाही, दुपारी करा. या महिन्यात काय कमी पडतंय एवढंच विचारा आणि उत्तर साबण, डायपर किंवा झेरॉक्सचे पैसे असं आलं तर तोंड वाकडं न करता तेच द्या. फाइल, रेशन कार्ड, आधार, रिपोर्ट, मदतीच्या प्रत्येक योजनेला सगळ्याच्या कॉप्या लागतात आणि त्या कुटुंबांचे त्यातच केवढे पैसे जातात.