नागलीची भाकरी शुगरवाल्यांनी कितीही खावी का?

तुम्ही विचारलंत म्हणून. नाशिकच्या बाजारात नागलीचं पीठ घेताना हा प्रश्न हटकून येतो: ‘पौष्टिक आहे ना, मग शुगरवाल्यांनी कितीही खाल्लं तरी चालेल?’ नाही चालणार.

गोंधळ पिठाचा नाही, नावाचा आहे. सुरगाणा-पेठकडची ही नागली शहरात नाचणी होते. सरकारदरबारी ती वर्षानुवर्षं भरडधान्य होती. एप्रिल 2018 मध्ये केंद्राने तिला पौष्टिक तृणधान्य ठरवलं, 2023 च्या अर्थसंकल्पात ती श्रीअन्न झाली. भरड होती तोवर पाहुण्यांना वाढायला संकोच. पौष्टिक झाल्यावर भाकऱ्या मोजायच्याच राहिल्या.

100 ग्रॅम नागलीत कर्बोदकं सुमारे 67 ग्रॅम, कणकेत 64. उष्मांक दोन्हींत 320 च्या आसपास. खरा फरक कॅल्शियमचा: नागलीत 364 मिलिग्रॅम, कणकेत जेमतेम 31. म्हणजे हाडांसाठी नागली उत्तमच. पण 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून 33 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. एकच घ्या, सोबत मटकीची उसळ आणि पालेभाजी. दोन तासांनी साखर तपासा, म्हणजे अंदाज येईल.

सगळ्यात फसवा शब्द ‘पचायला हलकं’. आजाऱ्याला, लहान मुलाला ते बरोबर. शुगरवाल्यांना नेमकं तेच नडतं: पीठ जितकं बारीक आणि शिजून जितकं पातळ, तितकी साखर लवकर चढते. म्हणून आंबिलीपेक्षा भाकरी बरी, आणि पीठ न चाळता वापरलेलं.

भाकरी फाटते म्हणून अर्धी कणीक मिसळू नका. नागलीत ग्लुटेन नाही, थंड पाण्यात ती चिकट होतच नाही. वाटीभर पाणी उकळून चिमूटभर मीठ घाला, वाटीभर पीठ टाकून ढवळा, गॅस बंद करून 5 मिनिटं झाका. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळा.

नाचणीची बिस्किटं घेताना पुडा उलटा करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; पहिला मैदा, दुसरी साखर असेल तर नाचणी नावापुरतीच.

आणि एकादशीची भगर? उपवासाची म्हटलं की ती धान्य राहतच नाही, ताटभर खाल्ली जाते. तीही तृणधान्यच, कर्बोदकं 65 च्या आसपास. तिथेही वाटी मोजूनच.