नोटेतला डोडो

मॉरिशसची कागदी नोट उजेडासमोर धरली की कोऱ्या भागात डोडोचं डोकं उमटतं. हा पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला, तरी नोटेच्या खरेपणाची साक्ष द्यायचं काम त्याच्याकडेच आहे. त्याची साक्ष नीट तपासावी मात्र. खरा वॉटरमार्क छापलेला नसतो. कागद ओला असतानाच लगदा कुठे जाड, कुठे पातळ बसवलेला असतो. म्हणून चोचीपासून मानेपर्यंत सावली हलके हलके बदलत जाते. बनावट नोटेवर हेच चित्र फिकट शाईनं छापतात. ते उजेडाशिवायही दिसतं, आणि सगळीकडे सारख्याच करड्या रंगाचं असतं.

डोळ्यांच्या आधी बोटांनी बघावं. खऱ्या नोटेची मुख्य छपाई कोरीव पत्र्यावरून, प्रचंड दाबाखाली होते. शाई कागदावर उभी राहते आणि नखाला खरखरते. घरगुती प्रिंटरची शाई कागदात मुरते, नखाखाली काहीच लागत नाही. अतिनील किरणांच्या निळ्या दिव्याखाली खरी नोट मंद राहते आणि साधा कागद पांढराफेक चमकतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला ठाऊक असतं. पण कपड्यांच्या साबणात पांढरेपणा आणणारी द्रव्यं असतात. विजारीच्या खिशातून धुऊन निघालेली अस्सल नोटही त्यामुळे चमकते आणि उगाच संशयित ठरते. निव्वळ दिव्यावर निकाल देऊ नये तो यासाठी.

हा सगळा बंदोबस्त चोरासाठी. साधा माणूस नोट बघतो ती चेहऱ्यांसाठी. 1998 च्या मालिकेत ते फार तोलून निवडले होते. 25 रुपयांच्या नोटेवर चिनी समाजातले आह-च्युएन, 50 वर फ्रेंच वंशाचे पातुरो, 100 वर तमिळ सीनीवासेन, 200 वर मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद, 500 वर सुखदेव बिसुनदयाल, 1000 वर क्रिओल, म्हणजे आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या समाजाचे पुढारी गाएतान दुवाल आणि 2000 वर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. कुणी रुसायला जागाच नव्हती!

रुसवा आला तो ओळींवरून. रक्कम तीन भाषांत लिहिण्याची रीत जुनी: इंग्रजी, तमिळ, हिंदी. नव्या नोटेवर हिंदी वर गेली आणि तमिळ खाली. तमिळ समाज खवळला. आम्ही या बेटावर आधी आलो, हा त्यांचा मुद्दा. आणि फ्रेंच अमदानीतच पुदुच्चेरीकडून कारागीर आले होते, तेव्हा तो अगदीच हवेतला नव्हता. ऊसमळ्यांसाठी गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची, मोठी भरती सुरू झाली ती 1834 पासून. कोकणातली मराठी कुटुंबंही त्या काळात तिकडे गेली. त्यांच्या वंशजांना नोटेवरची देवनागरी ओळ सहज लागते, मग ती दुसरी असो की तिसरी. शेवटी नोटा मागे घेतल्या गेल्या आणि 1999 मध्ये जुन्या क्रमानं पुन्हा छापल्या गेल्या. ज्या नोटेची नक्कल करणं अवघड करून ठेवलं होतं, ती अस्सल असूनही बाद झाली. संग्राहक आज आधी साल बघतात, मग ओळींचा क्रम.

2013 मध्ये 25, 50 आणि 500 च्या नोटा पॉलिमरच्या आल्या. प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर दोन्ही बाजूंनी पांढरा थर देतात आणि खिडकीपुरती जागा कोरी सोडतात. नकली नोट करणारा कागदाला भोक पाडून मागून प्लास्टिक चिकटवतो. खिडकीच्या कडेवर नख फिरवलं की जोड लागतो. दमट हवेत, घामेजल्या खिशात पॉलिमर कागदापेक्षा पुष्कळ जास्त टिकतं. त्याची दुखणी वेगळी. शाई आत मुरत नसल्यामुळे घडीच्या रेषेवर ती घासून उडते. नोट सहजी फाटत नाही, पण कडेला एकदा बारीकशी चीर पडली की सरळ दुभंगते. ओल्या कागदी नोटेवर इस्त्री फिरवायची सवय असेल, तर पॉलिमरच्या बाबतीत ती सोडावी. ते उष्णतेनं आकसतं आणि पुन्हा सरळ होत नाही. मग ती नोट मोजणीच्या यंत्रातूनही जात नाही, बँकेतच नेऊन द्यावी लागते.