लासलगाव ते वांद्रे, छोटूच्या स्पीच असेसमेंटची वारी (आणि गाडीत झोपलेलं पोरगं)

आधी आमची चूक सांगते, बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. मुलाची बेरा टेस्ट (झोपेत करतात ती ऐकण्याची तपासणी) असेल त्या दिवशी त्याला गाडीत झोपू देऊ नका. आम्ही दिलं. कसारा घाटात बोगदे सुरू झाले, अंधार, गार वारा, आणि छोटू माझ्या मांडीवर असा काही झोपला की थेट दादरला उठला, फ्रेश, टवटवीत, पुढचे सात तास न झोपण्याची पूर्ण तयारी करून. आणि बेरा करायची तर पोरगं गाढ झोपलेलंच लागतं. त्यामुळे एका वारीत होणारं काम दोन वाऱ्यांवर गेलं.

आता पहिल्यापासून. छोटू सव्वादोन वर्षांचा, बोलणं अगदीच कमी. बोट दाखवून, हात ओढून, रडून सगळं करून घ्यायचा. दोन वर्षांच्या पोराला साधारण पन्नासेक शब्द यावेत आणि दोन शब्द जोडून "मम दे", "आबा गेले" असं काहीतरी यावं असं सगळीकडे वाचलं होतं, आमच्याकडे पाच-सहा शब्द. घरात विषय काढला की सासरे म्हणायचे, अगं पोरं उशिराच बोलतात, याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता बघ लिलावात किती बोंबलतो. (नवरा कांद्याचा व्यापारी आहे, बोंबलतो हे खरं आहे.) जवळच्या डॉक्टरांनीही थांबा म्हणून सहा महिने घालवले. मजा म्हणजे वांद्र्याला छोटूला तपासणाऱ्या मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, घरात कोणी उशिरा बोललं होतं का? आम्ही हसत हसत हा किस्सा सांगितला तर त्यांनी हसून घेतलं आणि फाइलमध्ये लिहून घेतलं. म्हणजे आम्ही ज्यावर निश्चिंत बसलो होतो तीच फॅमिली हिस्टरी निघाली.

आम्ही गेलो वांद्रे रेक्लमेशनला, अली यावर जंग संस्थेत. १९८३ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, वाचा आणि श्रवण यातलंच काम, शिवाय तिथे या विषयाच्या डिग्र्या शिकवतात त्यामुळे शिकणारी मुलंमुलीही तपासणीत असतात. कोणाकोणाला ते आवडत नाही, मला तर बरं वाटलं, त्यांच्याकडे वेळ असतो आणि पोराबरोबर जमिनीवर बसायला लाजत नाहीत. आधी फोन करून सगळं विचारून घ्या, सरकारी सुट्टी बघा, आणि बेराची तारीख त्याच दिवशी मिळेल का हे वेगळं विचारा. प्रायव्हेटमध्ये जाणार असाल तर थेरपिस्टचा आरसीआय रजिस्ट्रेशन नंबर बिनधास्त मागा, भारतात हे काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते, नुसता "स्पीच क्लास" असा बोर्ड लावून बसलेले बरेच आहेत. आणि मुंबई लांब पडत असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं केंद्र आहे का ते आधी बघा, लहान मुलांच्या तपासणीसाठीच असतं, तिथे जायची चिठ्ठी कशी मिळते ते अंगणवाडी ताईला विचारलं तरी ती सांगते.

तयारी म्हणून आम्ही काय केलं तर पहिले आठ दिवस फक्त चुका. मी त्याला पाठ करून घ्यायला लागले, काका म्हण, काऊ म्हण, पाणी म्हण. मला वाटलं परीक्षा आहे ना, चार मार्क वाढतील. झालं उलटंच, तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि उठून निघून जायचा, जे येत होतं तेही बंद. तर ते करू नका. त्याऐवजी फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि आठवडाभर जो जो तोंडातून निघेल तो शब्द लिहा, जसा निघेल तसा. स्पष्ट नसला तरी चालतो, त्याच गोष्टीला दर वेळी तोच आवाज असेल तर तो शब्दच. आमच्याकडे पाण्याला "बू", ट्रॅक्टरला "टटट", गाईला "हम्मा", नको ला मान हलवून "नाय". आम्ही पाच-सहा समजत होतो ते चौदा निघाले. माझी आई धुळ्याची, ती त्याच्याशी अहिराणीतच बोलते, काय करी ऱ्हायना रे, तर मला धाकधूक होती की दोन भाषांनी गोंधळला असेल. मॅडम म्हणाल्या दोन भाषांमुळे पोरं मुकी होत नाहीत, आजीला बोलू द्या, आणि अहिराणीतले शब्दही यादीत धरा. आईला फोन करून सांगितलं तर ती नुसती फुगली आनंदाने.

दुसरं, व्हिडिओ. हे फार उपयोगी पडलं कारण तिथे गेल्यावर चिरंजीव पहिला पाऊण तास एक अक्षर बोलले नाहीत. अर्ध्या-एक मिनिटाचे पाच-सहा घ्या, जेवताना, खेळताना, दुसऱ्या पोराबरोबर, काहीतरी हवं असताना. फक्त एक करा, शूट करताना तोंड बंद ठेवा. आमचा सगळ्यात चांगला व्हिडिओ मार्केटच्या गेटवरचा, ट्रॅक्टरची रांग लागलीये, छोटू नाचतोय, आणि मागून नवऱ्याचा आवाज, "हे काय आहे? बोल! ट्रॅक्टर बोल! बोल ना! कोणता कलर?" मॅडमनी तो दोनदा लावला आणि म्हणाल्या, बाबा, यात त्याला बोलायला जागा कुठे आहे? लिलावात मागे न हटणारा माणूस गप्प झाला.

प्रवासाचं थोडक्यात. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी लासलगावला येते, पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट लागत नाही पण सीटही मिळत नाही, मांडीवरच. नाशिकनंतर गर्दी होते. दादरला उतरून पुलावरून वेस्टर्नला गेलो, त्या वेळी बोरिवलीकडच्या स्लो लोकलला चर्चगेटकडच्यापेक्षा बरीच कमी गर्दी असते, तिसरं स्टेशन वांद्रे. वेस्टला बाहेर पडून रिक्षा, लीलावती हॉस्पिटलजवळ रेक्लमेशन सांगायचं. दादरहूनच रिक्षा बघत बसू नका, वांद्र्याच्या अलीकडे मुंबईत रिक्षा नाहीत, आमचे सासरे दहा मिनिटं शोधत होते. हो, सासू-सासरे दोघं आले होते. चार माणसं एका पोरामागे. एवढी नेऊ नका, पण दिवसभर पोराला सांभाळणारं जे माणूस असेल ते मात्र न्याच, आमच्याकडे ते म्हणजे सासूबाई, आणि अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला आलीच नाहीत, त्यांनाच आली.

केस हिस्टरीला बराच वेळ जातो. बाळंतपण कसं झालं, किती दिवसांचं, वजन किती, लगेच रडला का, कावीळ, काचेत ठेवलं होतं का, ताप-झटके, मान कधी धरली, चालला कधी. मला वाटलं होतं सगळं तोंडपाठ आहे, पण "पहिला शब्द कधी" म्हटल्यावर नवरा दहा महिने म्हणाला, मी चौदा, सासूबाई म्हणाल्या अजून कुठे. घरीच बसून लिहून न्या. बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड ओरिजिनल न्या. मग स्क्रीनचं विचारतात, खरं सांगा. आम्ही अर्धा तास म्हणणार होतो, सासरे म्हणाले तीन तास. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या पोराला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, आणि त्याआधी तर नकोच. हे मला माहीत होतं तरी जेवण भरवताना मोबाईल लागायचाच. त्यांनी ओरडलं नाही, नुसतं लिहिलं.

नंतर त्या म्हणाल्या आता रील्स करू, आणि नवऱ्याने चक्क मोबाईल काढला. रील्स म्हणजे मोबाईलवरचं नाही, तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची एक भाषेची स्केल आहे, समजतं किती आणि बोलतो किती हे दोन्ही वेगवेगळं महिन्यांत मोजतात. त्याशिवाय एम-चॅटचे, म्हणजे ऑटिझमची शंका आहे का ते बघायचे वीस प्रश्न, ते सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असतात, नावाने हाक मारली तर बघतो का, आवडलेली गोष्ट तुम्हाला दाखवायला बोट करतो का, असे. ऑटिझमचा शब्द निघाला की पोटात गोळा येतो पण ती गाळणी आहे, निदान नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती. आम्ही सगळे छातीठोक सांगत होतो, बोलत नाही पण समजतं हो सगळं, काहीही सांगा, आणून देतो. मॅडम म्हणाल्या, दाखवा. खोलीच्या कोपऱ्यात चपला काढलेल्या, जवळ बॉल, एक डबा. सासूबाई म्हणाल्या "छोटू, आजीची चप्पल आण", तो गेला आणि घेऊन आला. आम्ही लगेच बघा! मॅडम म्हणाल्या, आजी, आता हात मांडीवर ठेवा, माझ्याकडे बघा आणि तेच बॉल म्हणून सांगा. सासूबाईंनी सांगितलं. छोटू थांबला, आजीच्या हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा हाताकडे, आणि चप्पलच घेऊन आला. तेव्हा कळलं की सासूबाई बोलताना हनुवटीने तिकडे दाखवतात, आणि हे त्यांनाच माहीत नाही. आम्ही सगळेच करतो. ग्लास पुढे करून "पाणी पितो?" विचारतो, दाराकडे जाऊन "चल फिरायला" म्हणतो. पोरगं हुशार आहे, शब्द न ऐकता काम भागवतं. तुम्ही जायच्या आधी घरीच हे करून बघा, हात मागे बांधून, नजर न हलवता, तीन-चार वस्तूंचं. आणि खरं आलं तेच तिथे सांगा, कारण समजणंच मागे असेल तर थेरपी तिथून सुरू होते. छोटूचं समजणं वीस महिन्यांच्या आसपास आलं, बोलणं सोळाच्या. ऐकताना वाईट वाटलं, पण दोन आकडे वेगवेगळे कळले हे बरं झालं.

मग कान. "ऐकू येतं हो, चॉकलेटचा कागद वाजला तरी पळत येतो" हे प्रत्येक आई सांगते, मीही सांगितलं. पण काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही असंही असतं, आणि बोलण्यातले बारीक आवाज सुटले तरी पोरगं दार वाजल्यावर वळतंच. म्हणून बोलणं उशिरा म्हटलं की ऐकण्याची तपासणी होतेच. पहिली तपासणी ओएई, तिला कानात छोटं बूच घालतात, काही मिनिटांत होतं, शांत बसला की पुरे. टिम्पॅनोमेट्री म्हणजे कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय का बघतात, त्यामुळे नाक वाहत असेल तर जायच्या आधी फोन करून विचारा, सर्दीत रिपोर्ट गडबडतो. आणि बेरा, कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवून कानात टिकटिक आवाज देतात आणि नस मेंदूपर्यंत तो पोचवते का ते मशीन बघतं, पोराने काही करायचं नसतं, फक्त झोपायचं. तेवढंच आमच्याने झालं नाही. खांद्यावर थोपटलं, बाटली दिली, सासरे अंगाईसारखं काहीतरी म्हणत होते, त्यानेच नवऱ्याला झोप लागली. झोपेचं सिरप असतं पण ते डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि तेवढंच, घरून देऊन नेऊ नका, आणि आधी खायला द्यायचं की नाही तेही त्यांनाच विचारा. आम्ही दुसरी तारीख घेतली.

दुसऱ्या वेळी आदल्या दिवशीच जाऊन डोंबिवलीला नणंदेकडे राहिलो. रात्री उशिरापर्यंत जागवला, सकाळी पाचला उठवला, आणि लोकलमध्ये मी, नवरा आणि अनोळखी बायका मिळून त्याला जागं ठेवलं. डोळे मिटायला लागले की ओल्या रुमालाने तोंड पुसायचं. एक मावशी म्हणाल्या किती छळता लेकराला, मी सांगितलं टेस्ट आहे, मग त्याच पर्समधून किल्ल्या काढून वाजवत बसल्या. तिथे पोचल्यावर दूध पाजलं, त्याचीच घरची गोधडी दिली, पाच मिनिटांत आडवा. सिरपही लागलं नाही. दोन्ही कान नॉर्मल.

पिशवीत काय काय न्यायचं तर घरची गोधडी, त्याचा आवडता खेळ (आमचा चाक तुटलेला ट्रॅक्टर, नवीन आणलेलं खेळणं तो तिथे बघतसुद्धा नव्हता), रोजचा ग्लास आणि चावायला लागेल असा खाऊ, चकली म्हणा पोळीचा तुकडा म्हणा, कारण तोंडाच्या हालचाली कशा आहेत तेही बघतात, कपड्यांचे दोन जोड, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, फोन पूर्ण चार्ज, आणि एक खोबरेल तेलाची बाटली. तेल कशाला, तर बेराच्या वायरी चिकटवायला जी पेस्ट लावतात ती केसात वाळून बसते, नुसत्या पाण्याने जात नाही, आम्हाला माहीत नव्हतं, लासलगावला उतरेपर्यंत छोटूच्या कपाळावर दोन शिंगं उभी होती आणि स्टेशनवर घ्यायला आलेल्या सासऱ्यांना बघून तो म्हणाला, "आबा. हम्मा." कागदावर पंधरावं लिहिलं, दोन शब्द एकत्र.