देवमासा नक्की दिसतो का?

न्यूझीलंडमधल्या कायकोराला जाऊन आले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तिथे देवमासा नक्की दिसतो का हो?’ तुम्हीही तोच विचारलात म्हणून सांगते, समुद्रानं बोट जाऊ दिली तर बहुतेक दिसतो. वारा जोराचा असला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा.

दिसण्याचं कारण तळाशी आहे. किनारा सोडून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खचतो आणि हजार मीटरहून खोल दरी लागते. एरवी एवढं खोल पाणी गाठेपर्यंत जमीन दिसेनाशी होते. इथे मागे डोंगर उभेच असतात. या दरीतल्या म्हाकुलांवर आणि माशांवर स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांचे नर बाराही महिने पोट भरतात. माद्या-पिल्लं सहसा उत्तरेच्या उबदार पाण्यात.

पण दिसतं काय, ते आधी ऐका. खलाशी पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, सोडून खालच्या देवमाशाची टकटक ऐकत असतात. ती थांबली की जनावर वर येतंय. मग डावीकडे कललेला फवारा उडतो आणि ओंडक्यासारखी पाठ दहाएक मिनिटं नुसती श्वास घेत पडून राहते. उड्या नाहीत, काही नाही. शेवटी शेपटी उचलून बुडी, ती पाऊण-एक तासाची. सगळ्यांचे मोबाइल त्या शेपटीसाठीच सरसावलेले.

उड्या हव्यात तर डस्की डॉल्फिन बघा. रात्रभर खोल पाण्यात खाऊन दिवसा ते किनाऱ्याजवळ येतात आणि काय कोलांट्या मारतात!

माझा जीव मात्र पक्ष्यांवर जडला. पंख पसरले की तीन मीटर भरणारा रॉयल अल्बट्रॉस थेट बोटीशेजारी उतरतो, दुर्बीण पिशवीतच राहते. हटन्स शिअरवॉटर तर जगात फक्त याच भागात वीण करतो, तीही मुख्यतः डोंगरात १२०० मीटरच्या वर, बिळांमध्ये. मार्च-एप्रिलच्या रात्री पिल्लं समुद्राकडे निघतात, गावातल्या दिव्यांना फसून रस्त्यावर उतरतात, आणि सपाट जमिनीवरून त्यांना पुन्हा उडता येत नाही. गावकरी ती उचलून सुखरूप जागी पोचवतात. २०१६च्या भूकंपात दरडी कोसळल्या, तेव्हा या बिळांचंही बरंच नुकसान झालं.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, मळमळू लागल्यावर नव्हे. आणि एकच फेरी परवडणार असेल, तर मी पक्ष्यांची सांगेन. देवमासा वाटेत दिसला तर दिसला.