डोक्याला हात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुंबई बंदरात मी लहान मुलांना शिडाची बोट चालवायला शिकवते. दर हंगामात, बहुतेक नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी, कुणीतरी मला धक्क्यावर गाठून हाच प्रश्न विचारतं : "पोर बोटीसकट उलटली, तरी तुम्ही तुमच्या बोटीत नुसत्या बसून काय बघत होतात?" शब्द कधी मऊ, कधी कडक. यंदा विचारणाऱ्या आईंनी तर पुरावाही दिला. "डोक्याला हात लावून बसली होती हो बिचारी! मी इथून पाहिलं."

आधी त्या हाताचं सांगते. पाण्यावर पंचवीस-तीस मीटरवरून बोलणं ऐकू येत नाही, वारा उलटा असला तर ओरडून घसा तेवढा बसतो. म्हणून खुणा ठरलेल्या असतात. हात वर करून हलवला म्हणजे "या". तळहात डोक्यावर ठेवला म्हणजे "मी ठीक आहे, येऊ नका". ही खूण मी काढलेली नाही, पाण्यावरचे लोक पुष्कळ ठिकाणी वापरतात. पण मराठी आईबापांना ती धक्क्यावरून नेमकी उलटी वाचता येते, त्याला मी काय करू?

आमची मुलं आठ ते चौदा वर्षांची. त्यांची बोट ऑप्टिमिस्ट, लाडानं ऑप्टी. पावणेआठ फूट लांब, नुसता सांगाडा पस्तीस किलोचा, एक शीड, एक सुकाणू आणि मधल्या खाचेतून खाली सरकवायची फळी, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्सनं ती आखली. तिथल्या ऑप्टिमिस्ट क्लबाला मुलांसाठी स्वस्तातली बोट हवी होती, बाजारात मिळणाऱ्या आठ बाय चारच्या प्लायवूडमधून निघेल अशी. म्हणून लांबी आठाच्या आत आणि नाक चपटं. आशावादाशी तिचा संबंध तेवढाच, क्लबाच्या नावापुरता. आमच्याकडे कोळीवाड्यातला एक मुलगा येतो. त्याच्या आजोबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "ही कसली होरी? परात हाय परात!"

ही परात उलटते कशी, तर बहुतेक वेळा मुठीमुळे. वाऱ्याचा झोत आला, बोट कलली, मूल घाबरलं. घाबरलं की माणसाची मूठ आवळते. आणि मुठीत असते शिडाची दोरी, मेनशीट. ती आवळली की शीड आणखी वारा धरतं, बोट आणखी कलते, मूल आणखी घाबरतं. दोरी सोडून दिली तर शीड फडफडतं आणि बोट आपली आपण सरळ होते. "सोड, सोड!" असं मी कित्येक वर्षं ओरडले, उपयोग शून्य. एकदा आडवं होऊन खारं पाणी नाकात गेलं की पुढच्या झोताला मूठ सैल पडते.

उलटल्यावर काय करायचं ते आम्ही आधी उथळ पाण्यात घोटून घेतो. बोट सोडायची नाही, हे पहिलं. तिच्या दोन्ही कडांना आणि मागे अशा तीन हवेच्या पिशव्या असतात, ती बुडत नाही, आणि लांबून मला तिचं पांढरं पोट लगेच दिसतं. एकटं डोकं लाटांत शोधावं लागतं. मग मेनशीट मोकळी आहे ना ते बघायचं, तळाच्या बाजूला पोहत जायचं, डॅगरबोर्डवर चढायचं आणि अंग मागे झोकायचं. पंचवीस किलोच्या पोरीला शीड पाण्यातून सुटता सुटत नाही, आणि सुटतं तेव्हा एकदम सुटतं. उभी राहिलेली बोट काठोकाठ भरलेली असते. पोट घासत आत शिरायचं आणि बेलरनं, म्हणजे तिरक्या कापलेल्या प्लास्टिकच्या कॅननं, पाणी उपसायचं. हे कंटाळवाणं काम खूप वेळ चालतं. बेलर दोरीनं बोटीला बांधा, हे मी दर रविवारी सांगते. बांधतात ती मुलं, ज्यांनी एकदा तरी वाहून घालवलंय.

आता मी का जात नाही. पहिलं कारण अगदी रुक्ष आहे : माझ्या बोटीच्या इंजिनाला पाण्याखाली फिरणारा पंखा आहे. पाण्यात मूल, भोवती तरंगत्या दोऱ्या, आणि मी इंजिन रेटत धावून जाणार, यापेक्षा मोठा धोका त्या दुपारी दुसरा नसतो. जवळ जायचंच झालं तर शेवटचं अंतर इंजिन बंद करून कापावं लागतं.

दुसरं, मी बसलेली असते, पण नुसती नसते. डोकं दिसतंय का, पाय दोरीत गुंतलाय का, ओहोटी कुठे ओढतेय. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आणि तेवढं सगळं साधारण सहा तासांत बाहेर पडतं. बोट नांगरलेल्या बार्जच्या साखळीकडे वाहायला लागली, घारापुरीची लाँच जवळून जाणार असली, किंवा नुसती शंका आली, तरी खूण-बीण न बघता मी निघते. नवख्यांना तर आम्ही अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं-उतरतं त्या भांगाच्या भरतीला उतरवतो, सकाळचा मतलई वारा पडून दुपारचा खारा वारा नुकता धरायला लागतो त्या वेळी. धक्क्यावरून यातलं काहीच दिसत नाही, हे मला कबूल आहे.

हे सगळं मी शहाणपणानं ठरवलंय असं समजू नका. दोन मुलांच्या बाबतीत मी चुकलेय.

पहिला दहा वर्षांचा होता. त्याचे वडील धक्क्यावर दुर्बीण घेऊन उभे असत, आणि ती दुर्बीण मला पाठीवर जाणवायची. त्याची बोट आडवी झाली आणि मी पुढच्या अर्ध्या मिनिटात त्याचं लाइफ जॅकेट धरून त्याला वर ओढलं. तो रडत नव्हता, घाबरलाही नव्हता, डॅगरबोर्डकडे निघाला होता. त्यानंतर दर वळणाआधी तो मान वळवून मी कुठे आहे ते बघायचा. शिडाकडे बघायच्या वेळी माझ्याकडे बघायचा आणि त्यामुळेच पुन्हा उलटायचा. हंगाम संपायच्या आत त्यानं येणं सोडलं. वडील म्हणाले, त्याला आवड नाही. मी काही बोलले नाही.

दुसरी चूक याच्या उलट, आणि ती मला जास्त टोचते. तोवर मला "हात न उठवणाऱ्या" मुलांचं कौतुक करायची खोड लागली होती. धक्क्यावर परतल्यावर सगळ्यांसमोर शाबासकी. डिसेंबरातल्या एका वाऱ्याच्या दिवशी एक हडकुळी मुलगी चार वेळा उलटली, आणि चारही वेळा तळहात डोक्यावर. मी मनात खूश. चौथ्या वेळी बोट नीट न्याहाळली तेव्हा कळलं की तिचा उपसणारा हात नुसता हलतोय, बेलरमध्ये पाणीच येत नाहीये. ओठ निळे पडले होते. टॉवेलात गुंडाळून विचारलं, "अगं, हात का नाही केलास?" म्हणाली, "ताई, हात केला की हरलं ना?"

हे तिला कुणी शिकवलं होतं? मीच.

त्या रविवारपासून दोन गोष्टी बदलल्या. हात न उठवल्याबद्दल शाबासकी बंद. आणि पहिल्याच महिन्यात प्रत्येकानं, पोहण्यात पटाईत असलेल्यानंसुद्धा, एकदा हात वर करायचा आणि मुकाट्यानं ओढून घेऊन यायला द्यायचं. कोळीवाड्यातल्या आमच्या पठ्ठ्याला हे सर्वांत जड गेलं. पाण्याची भीती त्याला ठाऊकच नाही, लाइफ जॅकेट घालायलासुद्धा वाद. पण दोरीनं ओढून आणलं त्या दिवशी तो तासभर माझ्याशी बोलला नाही. पुढे एका शर्यतीत वारा पडला आणि बाकीचे पुढे निघून गेले, तेव्हा हाच मुलगा बोटीत हमसून रडला. धीटपणा आणि टिकून राहणं यांची गाठ असतेच असं नाही, हे मला त्याच्याकडे बघून कळलं.

ओढून आणलं जायला लाजणाऱ्यांना मी आपल्या दर्यावर्दी अभिलाष टॉमींची गोष्ट सांगते. सप्टेंबर 2018, एकट्यानं जगप्रदक्षिणेची गोल्डन ग्लोब शर्यत, हिंदी महासागराचा दक्षिण भाग. वादळात त्यांच्या 'तुरिया' बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार लागला. उठता येईना. त्यांनी संदेश पाठवला आणि पडून वाट पाहिली. तीन दिवसांनी फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजानं त्यांना उचललं. पुढची गोल्डन ग्लोब 2022 मध्ये निघाली, ते पुन्हा उतरले आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले. मुलांना यात सगळ्यात जास्त आवडतं ते वेगळंच. 'तुरिया' गोव्यात बांधलेली, आणि पहिली गोल्डन ग्लोब जिंकणाऱ्या ज्या 'सुहेली'च्या धर्तीवर ती बांधली, ती आपल्या मुंबईत. "म्हणजे इथेच?" असं विचारून सगळी किनाऱ्याकडे बघतात, जणू अजून तिथे भुसा पडला असेल.

यंदाच्या त्या आईंना हे एवढं सगळं मी धक्क्यावर उभ्या उभ्या सांगितलं नाही. पुढच्या रविवारी लाइफ जॅकेट हातात दिलं आणि म्हटलं, चला माझ्याबरोबर. अडीचच्या सुमारास वारा चढला आणि त्यांची लेक आमच्यापासून वीसेक मीटरवर आडवी झाली. आईंनी माझं मनगट धरलं. सोडलं नाही. पांढरं पोट, मग लाल जॅकेट, मग डॅगरबोर्डवर दोन पाय. शीड एकदा उठलं, पुन्हा पाण्यात. दुसऱ्यांदा उठलं ते राहिलं. पोरगी आत घसरली, केस मागे सारले आणि आमच्याकडे बघत तळहात डोक्यावर ठेवला.

"आता?" आई म्हणाल्या.

"आता उपसेल. वेळ लागेल."

त्यांनी मनगट सोडलं आणि लेकीकडे बघत स्वतःही डोक्याला हात लावला. कुठल्या अर्थानं, ते मी विचारलं नाही. बेलर बांधलेलं नव्हतं, ते मांडव्याच्या दिशेनं निघालं होतं. ते धरायला मात्र मी गेले.