बारिंगोचा शिंजीर: नुसती शेपटी शोधत बसू नका

"लांब शेपटी दिसली की तोच." एवढंच मला सांगितलं होतं आणि त्यापायी माझी अख्खी सकाळ फुकट गेली. केनियात बारिंगो सरोवरावर ब्युटिफुल सनबर्ड, म्हणजे फुलांतला मध पिणारा एक छोटा शिंजीर पक्षी, पाहायला जाणार असाल तर हे आधी वाचा.

नैरोबी, नाकुरू, मरिगात करत सरोवराकाठच्या 'काम्पी या सामाकी' नावाच्या गावी पोचायला काही अडचण नाही. त्रास आहे तो सरोवराजवळच्या कड्याच्या पायथ्याला, जिथे हे पक्षी शोधायचे. धारदार दगड, बाभळीचे बोटभर पांढरे काटे आणि नऊलाच डोकं तापवणारं ऊन. साडेसहाला निघा, जाड तळाचे बूट घाला, माणशी दोन लिटर पाणी घ्या.

वाटाड्याने पक्ष्याच्या दर जातीमागे पैसे ठरवले, तिथेच मी फसलो. त्याने तीन 'वेगवेगळे' शिंजीर दाखवले: एक पिवळट करडा, एक काळ्या गळ्याचा, एक मळका पण लांब शेपटीचा. तिन्हींचे पैसे घेतले. रात्री फोटो मोठे करून पाहिले, तर तिन्ही एकाच जातीचे! मादी, कोवळा नर आणि विणीचा पिसारा उतरलेला नर. आपला जांभळा शिंजीर नाही का विणीनंतर मादीसारखा पिवळा होत, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ तेवढी उरते? हे ठाऊक असून मला तिथे सुचलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे.

तेव्हा पैसे तासांवरच ठरवा. आणि मळक्या पक्ष्याचा खांदा बघा. पूर्ण वाढलेला नर असेल तर तिथे चकचकीत हिरवी पिसं राहिलेली असतात. मादीला ना ती पिसं, ना लांब शेपटी; भुवई मात्र फिकट, उठून दिसणारी. टांझानियातले फोटो पाहून गेलात तर आणखी गोंधळ होईल, कारण तिकडच्या नराचं पोट काळं असतं, बारिंगोच्या नराचं हिरवं. काही जण दोन्हींना एकच जात मानतात, काही वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. फुललेल्या कोरफडीवर, दहा हातांवर, पूर्ण रंगातला नर आला. वाकडी चोच फुलात, कपाळ परागांनी माखलेलं. तो वळला आणि छातीचा लाल पट्टा, त्याच्या दोन्ही कडांचा पिवळा एकदम पेटल्यासारखे झाले. शेपटीची मधली दोन पिसं वाऱ्याने हलत होती. मी अर्धा तास जागचा हललो नाही.

एका सकाळीत हे उरकायला जाऊ नका. दोन हव्यातच.